विहिरीतला दवाखाना

पाणी एकटे असते यावर ज्याचा तिळमात्र विश्वास नाही असा एकच मनुष्य मी पाहिला आहे, आणि तो माझा व्याही आहे. आपण पाणी पितो तेव्हा पाणीच पितो, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. ही समजूत कोणी माझ्या व्याह्यांपुढे बोलून दाखवली, तर नको त्या घरात बिनघोर झोपलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसे ते त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, "एकटं नसतं हो ते." त्यांचा आवाज मुळातच बारीक. हे वाक्य ते त्याहून बारीक आवाजात बोलतात. ऐकणाऱ्याच्या हातातला पेला आपोआप खाली येतो. नदीचे पाणी उचलून ते शहराला पिण्याजोगे करून देणाऱ्या एका केंद्रात, मोहन्याच्या बाजूला, त्यांनी रसायनतज्ज्ञ म्हणून सारी नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली. आता ते कल्याणात, पारनाक्याच्या आतल्या एका गल्लीत राहतात. नोकरी सुटली, पाणी सुटले नाही.

आमची पहिली भेट डोंबिवलीला माझ्या घरी, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत झाली. रीतीप्रमाणे आधी पाणी आले. व्याह्यांनी पेला उचलला, त्यावर तळहाताचे झाकण धरले, पेला सावकाश गोल फिरवला, हात किंचित वर करून त्या फटीत नाक घातले आणि डोळे मिटले. माझी पत्नी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात आली होती; ती तिथेच थांबली. मुलाने मान खाली घातली. विहीणबाईंनी माझ्या मुलीकडे पाहिले. त्या पाहण्यात थोडी क्षमायाचना होती आणि थोडी सूचना. मग डोळे न उघडता व्याही म्हणाले, "पानं कुजताहेत. वर, घाटात." काहीतरी बोलणे भाग होते म्हणून मी विचारले, "कुणाची?" ते म्हणाले, "सगळ्यांचीच." मग त्यांनी पेला होता तिथे ठेवला आणि मुलगी पसंत असल्याचे सांगितले. लग्नात मी जावयाचे पाय धुवायला बसलो, तेव्हाही ते ताम्हणावर वाकले. गुरुजी मंत्र अर्धा सोडून थांबले. "ब्लीचिंगची पावडर जास्त झालीय," व्याही म्हणाले, "पण हरकत नाही, पायच धुवायचेत." गुरुजींनी उरलेला मंत्र घाईने आटोपला. त्यानंतरची आचमने त्यांनी ओठ न लावता केली, असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे. मी तेवढे निरखून पाहिले नाही.

त्यांच्या घरात खिडक्यांच्या कट्ट्यांवर, कपाटांच्या माथ्यावर, एवढेच काय देवघराच्या पायरीवरही काचेचे पेले मांडलेले असतात. प्रत्येकात पाणी आणि प्रत्येकावर बशी. कोणत्या पेल्यात कुठले पाणी आहे हे फक्त त्यांना ठाऊक. दिवेलागणीला, घरातला दिवा लागण्याच्या आधी, ते या पेल्यांची फेरी करतात. चेहऱ्यावरचे वस्त्र बाजूला करावे तशी हलक्या हाताने एकेक बशी उचलतात, वाकतात, थांबतात, पुन्हा झाकतात. माझी मुलगी त्या घरात नवी असताना एका संध्याकाळी तिने आम्हाला फोन केला होता. ती म्हणाली, "बाबा, सासरे अंधारात उभं राहून पेल्याला विचारत होते, 'आलास का?' म्हणून." मी विचारले, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही. 'नाही आला अजून' असं मला म्हणाले, आणि पुढच्या पेल्याकडे गेले." विहीणबाईंनी मात्र कधीच हाय खाल्ली नाही. त्या पालेभाजी धुताना पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकतात. गुलाबी पाणी पाहता पाहता विटकरी होते. व्याही शेजारी उभे राहून ते एखाद्याचा चेहरा उतरताना पाहावा तसे पाहतात. "संपलं. भाजीनंच खाल्लं सगळं," ते म्हणतात. विहीणबाई म्हणतात, "खाऊ दे. तुम्ही खात नाही, निदान ती तरी खाते."

या बोलण्यामागे शास्त्र आहे हे मला उशिरा कळले. एकदा दिवाळी होऊन गेल्यावर ते मला संध्याकाळी मोहन्याच्या काठावर घेऊन गेले. रेयॉनच्या जुन्या कारखान्याचे धुराडे पाठीमागे उभे होते. नदी संथ होती आणि पाण्याला फिक्या, दूध न घातलेल्या चहाचा रंग होता. मी म्हणालो, "गढूळ आहे." ते म्हणाले, "गढूळ नाही. गढूळ खाली बसतं. हे बसत नाही. हा अर्क आहे. कर्जतच्या वरचं सगळं रान यात उतरलंय. पान मेलं, झाड मेलं, पण इथपर्यंत चालत आलं." पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत होते, त्याचा आवाज जरा उशिराने येत होता. मी म्हणालो, "क्लोरीन घातलं की संपलं ना सगळं?" त्यावर ते काठावरच बसले.

"तुम्ही पंगत मांडलीत," ते म्हणाले, "आमंत्रण एकालाच. पण दार उघडलं की आधी कोण शिरतं? न बोलावलेले. ते जेवतात, आणि ज्याच्यासाठी पान मांडलं तो बाहेर उभाच. क्लोरीन म्हणजे ती पंगत. घालता जंतूंसाठी, एखाद्या विषासाठी. खाऊन जातो पाचोळ्याचा अर्क, लोखंड, अमोनिया."

"मग जास्त घालावं."

"सगळे हेच म्हणतात. जास्त घातलंत तर जास्त जेवतील. आणि जेवून उठतो तो आत आलेलाच असतो, असं समजू नका. पाचोळा आत गेला. बाहेर आलं ते पाचोळा नाही आणि क्लोरीनही नाही. ते नदीनं आणलेलं नसतं, आपण घातलेलं नसतं. तिथंच जन्मतं. पुष्कळांना आम्ही नावं दिली. पुष्कळांना अजून नावच नाही."

अंधार पडत होता. ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणून आधी पाण्याला विचारायचं. ओळीनं पेले मांडायचे, प्रत्येकात थोडं थोडं वाढवत घालायचं, झाकायचं, थांबायचं. पाणी स्वतः सांगतं, आपल्याबरोबर कोण आहे आणि किती खाणार आहे. विचारल्याशिवाय घालायचं नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो." मी आयुष्यभर जमिनीचे नकाशे तपासले, हद्द कुठे आहे एवढेच मला कळते. त्या संध्याकाळी प्रथमच मला असे वाटले की समोरच्या गोष्टीला हद्दच नाही.

अशा माणसाला आपल्या घरच्या अडचणीत बोलवावे असे कोणाला वाटणार नाही. मलाही वाटले नसते. पण माझी थोरली बहीण ठाण्याला नौपाड्यात राहते आणि अडचण तिच्या नळातून आली.

ताईचे यजमान डॉक्टर होते. सारा नौपाडा त्यांना डॉक्टर म्हणे आणि ताईही तेच म्हणे. जुन्या दुमजली इमारतीत वर बिऱ्हाड, खाली दवाखाना. डॉक्टर गेले; काही वर्षांनी इमारतही पाडली गेली. तिच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहिली आणि ताईला तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले. मागच्या अंगणातली विहीर तेवढी शिल्लक राहिली. तिच्यावर लोखंडी जाळी बसली, पंप बसला, आणि अंघोळीला व धुण्याला तिचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढू लागले. पिण्याचे पालिकेचे पाणी स्वयंपाकघरात, वेगळ्या नळाने.

गेल्या दिवाळीनंतर सकाळी न्हाणीघरातला नळ सोडला की दवाखान्याचा वास येऊ लागला. फिनाइलचा नव्हे, गटाराचाही नव्हे, जुन्या दवाखान्याचा. जखमेवर टाकायची ती पिवळी आयोडोफॉर्मची भुकटी, आयोडीन, ओला कापूस. गरम पाण्याच्या वाफेबरोबर तो खोलीभर पसरे आणि दुपारपर्यंत विरून जाई. इमारतीतल्या जुन्या भाडेकरूंनी तो ओळखला. नव्यांना त्यांनी सांगितले. पहारेकऱ्याने सकाळी पंपाकडे जाणे सोडले. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी नळापुढे उभ्या राहून आपल्या गुडघ्याविषयी सांगू लागल्या आणि दोन दिवसांनी गुडघ्याची सूज उतरल्याचेही त्यांनी जाहीर केले. सोसायटीचा सेक्रेटरी तिशीतला, तरतरीत, स्वभावाने भला. मला जिन्यात गाठून तो म्हणाला, "काका, मी पर्सनली रोज विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो. आधी एक मग टाकायचो, आता डबल केलेलं आहे. तरी वास वाढतोच आहे. लोक काय काय बोलायला लागलेत. तुम्हीच मावशींना विचारा ना, त्यांना काही... म्हणजे... डॉक्टरांचं काही राहिलं होतं का?"

मी ताईकडे गेलो. तिने मला पाण्याचा पेला दिला. तो तोंडाजवळ नेताच मी खाली ठेवला. "हे कुठलं पाणी?"

"आतलं."

"न्हाणीतलं?"

तिने मान आत वळवली. स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा भरलेला होता आणि त्यावर घासून लख्ख केलेले झाकण होते. तिच्या ओठांच्या कडा सोलल्या होत्या आणि बोलताना तिला घसा खाकरावा लागत होता. "ताई, हे प्यायचं पाणी नाही."

"ठाऊक आहे मला. मी काही खुळी नाही."

"मग?"

"दवाखाना उघडायच्या वेळेलाच येतो रे तो वास," ती म्हणाली. "मी नळ सोडते नि तिथंच पाटावर बसते. खाली ते बाटल्या लावायचे ना, तेव्हा जिन्यातनं वर यायचा, अगदी तस्सा. मग दिवसभर हंड्यात थोडा राहतो. तू कुणाला सांगत बसू नकोस."

मी सांगितले. त्याच संध्याकाळी कल्याणला जाऊन व्याह्यांना सांगितले. त्यांनी भुताविषयी एक शब्द विचारला नाही. विचारले ते असे: वास सकाळीच का येतो? पाणी रात्रभर टाकीत उभे असते का? दिवाळीनंतरच का? विहिरीवर झाड आहे का? खाडी किती लांब? मी सुचेल ती उत्तरे दिली. शेवटी त्यांनी विचारले, "ताई किती पितात?"

"हंडा रोज भरते. किती पिते ते विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले आणि खुंटीवरचा सदरा घालू लागले. विहीणबाई आतून म्हणाल्या, "अहो, उद्या जा. विहीर कुठं जात नाही." व्याही म्हणाले, "तिच्यात जे आहे ते जातं. तिसऱ्या मजल्यावर जातं." पण गेलो आम्ही दुसऱ्या दिवशीच, सकाळच्या पहिल्या उजेडात.

विहिरीच्या जाळीपाशी आम्ही उभे राहिलो. वर वडाची फांदी होती. खाली अंधार होता आणि त्यातून मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटे. कोणीतरी झोपेत ओठ हलवावेत तसा आवाज होई. इतक्यात सेक्रेटरी आला. एका हातात तबक, दुसऱ्या हातात मग. तबकात आदल्या दिवशीचे निर्माल्य होते: बेल, तुळस, दूर्वा, झेंडू. ते त्याने कपाळाला लावले, जाळीतून विहिरीत सोडले, हात जोडले. नंतर मग उचलला आणि त्याच जागी पावडर ओतली.

"हे रोज?" व्याह्यांनी विचारले.

"रोज. निर्माल्य पायाखाली यायला नको ना, काका. वाहतं पाणी इथे आणायचं कुठून? सगळेच इथे सोडतात."

"आणि पावडर लगेच?"

"हो. म्हणजे पाणी स्वच्छ राहतं."

व्याह्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिले नाही. शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलाने मन लावून चुकीचे गणित सोडवावे, आणि मास्तरांना त्याचे अक्षर आवडावे, तसे ते पाहत होते. मग त्यांनी दोरीला बांधलेली बाटली खाली सोडली, पाणी वर घेतले, एक थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. "खाडी येऊन गेलीय," ते म्हणाले.

सेक्रेटरी दोन पावले मागे सरकला. "कुठे?"

"इथं. जमिनीखालून. पाऊस ओसरून विहीर उतरली की ती आत सरकते. चवीला मीठ, आणि मिठाबरोबर ब्रोमाइड, समुद्राच्या पाण्यातला क्षार. तुमच्या पावडरीला ते भेटलं की तेही पेटून उठतं आणि तिच्या आधी पानांवर जाऊन बसतं. बरीच वर्दळ आहे खाली."

त्या संध्याकाळी ताईच्या ओट्यावर त्यांनी पेले मांडले. एकात नुसते पालिकेचे पाणी. एकात त्याच पाण्यात पावडर. एकात विहिरीच्या तळच्या, पाने कुजलेल्या पाण्याचा काही भाग, पावडरीशिवाय. एकात ते तळचे पाणी आणि पावडर दोन्ही. सगळ्यांवर बश्या. ताई दारात उभी राहून पाहत होती. तिने त्यांना अडवले नाही, मदतही केली नाही. जाताना व्याही म्हणाले, "सकाळी वास तुम्ही घ्यायचा. माझ्या नाकाला डॉक्टर ठाऊक नाहीत."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती न्हाऊन, स्वच्छ लुगडे नेसून बसली होती. व्याह्यांनी पेल्यांची जागा बदलली आणि तिला डोळे मिटायला सांगितले. पहिली बशी उचलली. "पान कुजलंय," ती म्हणाली. दुसरी उचलली. "पावडर." तिसरी उचलली. तिचा हात पदराकडे गेला. डोक्यावरून पदर पुढे ओढावा, तेवढाच. मग म्हणाली, "हेच."

डोळे उघडून तिने पेल्याकडे पाहिले. तळचे पाणी आणि पावडर.

"पानाला तो वास नाही, ताई," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली गेला होता. "पावडरीलाही नाही. खाडीलाही नाही. यांची गाठ पडली की निराळंच काहीतरी येतं. रात्रभर टाकीत गाठ पडते, म्हणून सकाळी."

"म्हणजे वेगळं वेगळं कुणाचंच नाही, आणि तरी आहे."

"हो."

"संसार असाच असतो की, भाऊसाहेब," ताई म्हणाली.

मी खिडकीबाहेर पाहिले. मग तिनेच विचारले, "विहिरीत बेल सगळ्यांत जास्त कोण सोडतं, ठाऊक आहे? मी. डॉक्टरांच्या तसबिरीपुढचा. रोजचा. पायाखाली नको म्हणून." ती थांबली. "म्हणजे मी सोडते, म्हणून ते येतात."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रसायनशास्त्राच्या भाषेत," ते म्हणाले, "होय."

चौथा पेला राहिला होता. नुसत्या पालिकेच्या पाण्याचा. त्यात कशाचीच भर नव्हती. तो विसरला गेला होता. ताईने सहज बशी उचलली आणि वाकली. तिथेच राहिली. "यातही आहेत," ती म्हणाली. व्याह्यांनी पेला तिच्या हातातून घेतला, नाकाशी धरला, डोळे मिटले. मीही वास घेतला. मला काही लागला नाही. व्याह्यांनी बशी पुन्हा झाकली आणि तो पेला इतरांपासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर एकटा नेऊन ठेवला. त्याविषयी ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढे मी एकदा छेडले तेव्हा एवढेच म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. कुठल्या केंद्रात असेल असंही वाटत नाही."

मग त्यांनी तिला हंड्याविषयी सांगितले. आडपडदा ठेवला नाही. एका पेल्याने काही होत नाही. रोज, वर्षानुवर्षे प्यायल्याने होऊ शकते. नेमके किती, हे ते सांगू शकत नव्हते, आणि सांगता येत नाही म्हणूनच पिऊ नये असे त्यांचे म्हणणे होते. घसा आणि ओठ मात्र पावडरीचेच. "विहीर सोसायटी उपसेल," ते म्हणाले. "हंडा तुमच्या हातात आहे."

ताईने उठून हंड्यातले पाणी पेल्यात घेतले आणि त्यांच्यापुढे धरले. "एकानं होत नाही ना काही? मग घ्या. तुम्ही कुणाच्या घरचं घेत नाही असं ऐकलंय."

त्या पेल्यात कोण कोण आहे हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होते. त्यांनी तो झाकला नाही, फिरवला नाही, हुंगला नाही. दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायले, आणि पेला पालथा घातला.

सभा रविवारी झाली. सेक्रेटरीने ओझोनच्या मशीनचे कोटेशन आणले होते. "एकदम लेटेस्ट, काका. पावडरची भानगड नाही, वास झटक्यात जाणार."

"जाईल," व्याही म्हणाले.

"मग झालं तर."

"वास जाईल. पण खाडीचं ब्रोमाइड जात नाही. ओझोन त्याचं जे करेल त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. आत्ता जो येतो, तो निदान दार वाजवून येतो. तुम्हाला न वाजवता येणारा हवाय का?"

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी गुडघा झाकून घेतला. सेक्रेटरीने कोटेशनची घडी केली. "मग करायचं काय, ते सांगा."

"विहीर उपसा. तळ खरवडून काढा. फांदी छाटा. निर्माल्याला खड्डा करा, झाडांना खत होईल. पाणी आधी वाळूतनं गाळा, मग विचारा, आणि मग पावडर घाला. बोटभर पुरेल. आणि प्यायला ते नव्हेच."

"पाण्याला विचारा?"

"मी शिकवीन."

तरीही कोणी हात वर केला नाही. सगळे ताईकडे पाहत होते. वास कोणाचा आहे याविषयी इमारतीत दुमत नव्हते, आणि तो घालवायला ताईच्या देखत कोण पुढे होणार. सेक्रेटरी खुर्चीवरून अर्धवट उठला. "मावशी, तुमचं काय म्हणणं आहे?"

"उपसा," ताई म्हणाली आणि चपला घालून वर गेली.

विहीर उपसली. तळाशी काळा, मऊ, हातभर थर निघाला आणि त्यात बेलाची पाने शिरांसकट शाबूत होती, जणू कोणी जपून ठेवली होती. जाळीवर बारीक तारेची दुसरी जाळी बसली. सेक्रेटरी आता सकाळी पेल्यांची ओळ मांडतो आणि बशी उचलण्याआधी घसा खाकरतो; ही रीत त्याने कुठून घेतली हे सांगायला नको. वास एकदम गेला नाही. टाकीच्या भिंतींना धरून काही दिवस राहिला, रोज थोडा उणा होत. ताईने हंडा रिकामा करून माळ्यावर टाकला होता. सकाळी ती नळ सोडून पाटावर बसत असे, असे मला शेजारच्यांनी सांगितले. मी त्याबद्दल तिच्याकडे बोललो नाही.

शेवटची तपासणी करायला व्याही आले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी न्हाणीतले पाणी पेल्यात घेतले, झाकून जरा वेळ ठेवले आणि ताईपुढे केले. तिने वास घेतला, पुन्हा घेतला.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"पाणी आहे."

व्याह्यांनी मान हलवली. काम झाले होते. त्यांनी पेला विसळला, बशी पुसली, पिशवीत ठेवली. आता ते उठतील असे मला वाटले. ते उठले नाहीत. पिशवी मांडीवर धरून बसून राहिले आणि मग, ज्या माणसाने माझ्या माहितीत पाण्याखेरीज कोणाची चौकशी केली नव्हती, त्याने विचारले, "डॉक्टर कसे होते हो, ताई?"

ताईने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. असे तिला कोणी विचारले नसावे. मी तरी विचारले नव्हते. "तसे तापट," ती म्हणाली. "पण सुई टोचायच्या आधी पेशंटला गोष्ट सांगायचे. नेहमी एकच गोष्ट, आणि तीही अर्धी. सुई टोचून झाली की गोष्ट संपली." व्याही हसले. त्यांना हसताना मी फारसे पाहिलेले नाही. "अर्धी कुठली?" त्यांनी विचारले, आणि ताई सांगू लागली.

ऊन ओट्यावर आले होते. मी चहा करायला उठलो. साखर कुठे असते ते मला ठाऊक नव्हते, आणि विचारून तिचे बोलणे तोडावे असे वाटले नाही. बिनसाखरेचा चहा आम्ही तिघांनीही मुकाट्याने घेतला.